यू-१८० : नेताजींना नेणारी पाणबुडी, आणि नंतरचं तिचं आयुष्य



नेताजी सुभाषचंद्र बोस जर्मनीहून पूर्वेकडे पाणबुडीतून गेले, ही गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत असते. इतिहासाच्या पुस्तकात तिला एक ओळ मिळते. ‘नेताजी पाणबुडीने जपानला गेले.’ पूर्णविराम, पुढचा प्रश्न. ती पाणबुडी कुठली, तिच्यात अजून कोण होतं, नेताजी उतरल्यावर ती कुठे गेली, हे त्या ओळीत मावत नाही. आजच्या भागात आपण त्या बोटीची गोष्ट ऐकणार आहोत. नेताजी तिच्यात येतील, अकरा आठवडे राहतील आणि उतरतील. आपण मात्र उतरायचं नाही. आपण शेवटपर्यंत बोटीबरोबरच.

तिचं नाव यू-१८०. जर्मन नौदल पाणबुड्यांना नावं देत नसे, नुसते नंबर. ‘यू’ म्हणजे ‘उंटरझेबोट’, शब्दशः समुद्राखालची बोट. ब्रेमेन शहरातल्या ‘ए. जी. वेझर’ नावाच्या गोदीत ती बांधली गेली आणि १६ मे १९४२ ला नौदलात दाखल झाली. कप्तान होता वेर्नर मुझेनबर्ग. लांबी सुमारे ८७ मीटर. मुंबईकरांसाठी सांगायचं तर लोकलचे चार डबे एकामागे एक लावा, साधारण तेवढी. पण रुंदीला लोकलसारखी ऐसपैस नाही हं. बाहेरून सात-साडेसात मीटर दिसते, त्यातली बरीच जागा टाक्यांची. आत माणसांसाठी उरतो तो एक लांबलचक पाइप. त्या पाइपात इंजिनं, बॅटऱ्या, टॉर्पेडो, स्वयंपाकघर आणि साठेक माणसं.

आता एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करू, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. सिनेमा बघून आपल्याला वाटतं की पाणबुडी सतत पाण्याखालून जाते. त्या काळात तसं नव्हतं. डिझेल इंजिनाला हवा लागते, त्यामुळे पाण्याखाली डिझेल चालवता यायचं नाही. खाली गेलं की बॅटरी, आणि बॅटरीवर बोट ताशी सात नॉटच्या आसपास रांगायची. सात नॉट म्हणजे ताशी तेरा किलोमीटर, आपली सायकल. तेही फार वेळ नाही. बॅटरी उतरली की वर येऊन डिझेल चालू करून चार्ज करायची. आपल्या फोनसारखंच, फक्त चार्जर लावायच्या वेळी डोक्यावर शत्रूचं विमान असू शकतं. तेव्हा पाणबुडी म्हणजे खरं तर वेळ पडली की बुडी मारू शकणारी, एरवी पृष्ठभागावरूनच जाणारी बोट.

म्हणून पृष्ठभागावरचा वेग महत्त्वाचा. आणि इथेच यू-१८० ची गडबड सुरू होते.

जर्मन नौदलाला लांब पल्ल्याच्या मोठ्या पाणबुड्या हव्या होत्या, त्या वर्गाला ‘नऊ-डी’ म्हणत. त्यातल्या फक्त दोन बोटींवर एक प्रयोग झाला: यू-१८० आणि यू-१९५. नेहमीच्या दोन मोठ्या डिझेल इंजिनांऐवजी त्यांत मर्सिडीज-बेन्झची सहा इंजिनं बसवली. ही इंजिनं मुळात टॉर्पेडो सोडणाऱ्या छोट्या, वेगवान मोटरबोटींची. रात्री बंदरातून सुसाट निघायचं, हल्ला करायचा आणि पहाटेच्या आत परत यायचं, अशा कामासाठी बनवलेली. ती घातली महिनोन्‌महिने महासागर पार करणाऱ्या बोटीत. हिशेब सोपा होता, वेग वाढेल. वाढला तो जेमतेम दीड-दोन नॉट. बदल्यात इंजिनं तापू लागली, धूर ओकू लागली, इंधन जास्त खाऊ लागली. पल्ला त्याच वर्गातल्या साध्या इंजिनांच्या बोटींच्या निम्म्याहूनही कमी झाला. पाणबुडीचं सगळं आयुष्य लपण्यावर चालतं. तिच्या मागे धुराचा पट्टा राहणं म्हणजे चोराने पायात पैंजण घालून चोरीला जाण्यासारखंच.

तर अशी ही बोट. बनवणाऱ्यांनी तिला शिकारी म्हणून बनवली. तिच्या नावावर जमा झालेली शिकार सगळी मिळून दोन जहाजं.

प्रवासी

आता बर्लिनकडे वळू. नेताजी जानेवारी १९४१ मध्ये कोलकात्यातल्या घरातून निसटले, काबूल-मॉस्को करत एप्रिलमध्ये बर्लिनला पोचले. कागदोपत्री नाव ऑर्लांडो माझोत्ता, एक इटालियन गृहस्थ. त्यांना जर्मनीकडून दोन गोष्टी हव्या होत्या. एक, भारताच्या स्वातंत्र्याला उघड पाठिंबा देणारी घोषणा. दोन, युद्धकैद्यांतून भारतीय फौज. फौज मिळाली. उत्तर आफ्रिकेत ब्रिटिशांकडून लढताना पकडले गेलेले भारतीय सैनिक घेऊन ‘फ्री इंडिया लीजन’ उभी राहिली, सुमारे ३,००० माणसांची. घोषणा मात्र हिटलरने दिली नाही.

जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केला. नेताजींच्या योजनेत जर्मनीहून भारतापर्यंत जमिनीवरून येण्याचा जो काही मार्ग होता, तो तिथेच बंद झाला. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडलं, आणि भारताच्या जवळचं युद्ध आता पूर्वेला होतं. त्यामुळे बर्लिनमध्ये बसून रेडिओवर भाषणं करण्यात अर्थ उरला नव्हता. मे १९४२ च्या अखेरीस हिटलरची भेट झाली, तेव्हा पूर्वेला जाण्याचा विषय निघाला. विमानाचाही विचार झाला होता. पण सरळ रस्ता रशियावरून जाणार, आणि जपानची रशियाशी तेव्हा लढाई चालू नव्हती. आपल्यासाठी आलेलं विमान रशियाच्या डोक्यावरून उडावं, हे जपानला नको होतं. उरला समुद्र.

समुद्र म्हणजे ब्रिटिश नौदल. तेव्हा उरली पाणबुडी.

इथे यू-१८० लाच का काम मिळालं, याचा विचार केला तर चित्र स्पष्ट होतं. हिंदी महासागर गाठेल एवढी मोठी बोट हवी, आणि जपानबरोबर मालाची देवाणघेवाण तिच्याकडून होणारच होती. म्हणजे नेताजींसाठी खास पाणबुडी निघाली असं मनात चित्र असेल तर ते थोडं बदलू या. त्या फेरीचा एक भाग माल होता आणि एक भाग माणसं.

९ फेब्रुवारी १९४३ ला कील बंदरातून बोट निघाली. नेताजींच्या सोबत एकच भारतीय होता, हैदराबादचे आबिद हसन. जर्मनीत इंजिनिअरिंग शिकायला गेलेले आणि नेताजींचे सचिव झालेले. ‘जय हिंद’ या अभिवादनाचं श्रेय बऱ्याचदा त्यांनाच दिलं जातं. पुढे स्वतंत्र भारताच्या परराष्ट्र सेवेत त्यांनी काम केलं. मागे राहिल्या एमिली शेंकल आणि मुलगी अनिता. अनिताचा जन्म नोव्हेंबर १९४२ चा, म्हणजे वडील निघाले तेव्हा ती तीन महिन्यांचीही नव्हती.

मागे अजून कोणी राहिलं होतं. ते ३,००० सैनिक. नेताजी गेलेत हे गुपित ठेवायचं होतं, म्हणून त्यांची आधी रेकॉर्ड करून ठेवलेली भाषणं रेडिओवर लागत राहिली. आवाज बर्लिनमध्ये, माणूस अटलांटिकमध्ये. या सैनिकांना विसरू नका, ते या गोष्टीत परत येणार आहेत, आणि तेही अगदी या बोटीच्या शेजारी.

खिचडी

रस्ता असा: नॉर्वेच्या किनाऱ्याने वर, ब्रिटनला उत्तरेकडून लांबचा वळसा घालून अटलांटिकमध्ये, मग दक्षिणेला सरळ खाली, आफ्रिकेच्या टोकाला वळसा आणि हिंदी महासागर. बर्फाळ थंडीतून विषुववृत्ताच्या उकाड्यात. आंघोळ नाही. डिझेलचा वास कपड्यांना, पांघरुणाला, पावाला. आबिद हसन यांनी नंतर सांगितलेल्या आठवणींत तो वास वारंवार येतो. जेवण म्हणजे जाड पाव आणि डब्यातलं मांस, ज्याला बघूनच भूक मरायची. मग बोटीच्या कोठारात त्यांना तांदूळ आणि डाळ सापडली. झालं! जर्मन पाणबुडीत खिचडी शिजली. नेताजी ती आवडीने खायचे आणि जर्मन अधिकाऱ्यांनाही बोलवायचे. हसन बिचारे मनात हिशेब मांडत बसायचे, की असंच वाटत राहिलो तर पुरणार किती दिवस.

नेताजी काम करत होते. ‘द इंडियन स्ट्रगल’ या त्यांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची दुरुस्ती, पूर्वेत गेल्यावर करायची भाषणं, आणि जपानच्या पंतप्रधानांशी म्हणजे तोजोशी काय बोलायचं याची तालीम. तालमीत तोजो व्हायचं काम हसन यांच्याकडे. हा प्रसंग मला फार आवडतो. समुद्राच्या पोटात दोन माणसं बसलीत, एक जण जपानचा पंतप्रधान बनून आडवेतिडवे प्रश्न विचारतोय आणि दुसरा शांतपणे उत्तरं घासूनपुसून घेतोय. ज्या भेटीसाठी हे चाललंय ती होईल की नाही, हे पूर्णपणे भिंतीपलीकडच्या सहा तापणाऱ्या इंजिनांवर अवलंबून.

एकदा तर ती वेळ जवळजवळ आलीच होती. हसन सांगतात, एका जहाजावर हल्ला चालू असताना बोटीत कोणाची तरी चूक झाली आणि पाणबुडी खाली राहण्याऐवजी वर आली. समोरचं जहाज धडक द्यायला वळलं. बोटीने घाईघाईत बुडी मारली, वरच्या कठड्याला तडाखा बसला. हे सगळं चालू असताना नेताजी मजकूर सांगत होते आणि हसन लिहून घेणं सोडून भीतीने थिजले होते. नेताजींनी त्यांना टोकलं, की मी दोनदा सांगितलं, तुम्ही लिहून का घेत नाही?

ही आठवण सांगताना बहुतेक जण इथेच थांबतात, नेताजींच्या धैर्याजवळ. धैर्य होतंच. पण आपण बोटीबरोबर राहायचं ठरवलंय, तेव्हा त्या बोटीने काय केलं तेही बघायला हवं.

१८ एप्रिल १९४३. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्वेकडचा समुद्र. समोर आलं ‘कोर्बिस’, ८,१३२ टनांचं ब्रिटिश टँकर. पोटात इंधन. यू-१८० ने टॉर्पेडो सोडले आणि टँकर पेटून बुडालं. त्यावर साठ माणसं होती. वाचली दहा.

नेताजी आणि हसन तेव्हा बोटीतच होते. हल्ल्याचा निर्णय अर्थात त्यांचा नव्हता. पाणबुडीत प्रवाशाला कोण विचारतो? तरी थोडा वेळ इथे थांबू, कारण या गोष्टीची दुसरी बाजू आपल्याच किनाऱ्याला लागते.

त्या काळात ब्रिटिश झेंड्याखाली चालणाऱ्या व्यापारी जहाजांवर हजारो भारतीय खलाशी काम करायचे. त्यांना ‘लास्कर’ म्हणत. सिल्हेट-चितगावचे, कोकणातले, गोव्यातले, गुजरातचे. रत्नागिरीच्या खाडीकाठच्या गावांतले मुसलमान खलाशी पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर जायचे. गोव्याची माणसं जहाजांच्या स्वयंपाकघरात आणि सलूनमध्ये. मुंबईच्या धोबी तलाव, डोंगरी भागात गावोगावच्या लोकांची ‘कूड’ असायची, म्हणजे बोट सुटेपर्यंत किंवा परत आल्यावर राहायची सामायिक खोली. तिथे पेटी ठेवायची आणि पुढच्या बोटीची वाट बघायची. गोऱ्या खलाशाच्या तुलनेत पगार कितीतरी कमी, जागा सगळ्यात खाली, बॉयलरपाशी. टॉर्पेडो लागला की वर यायला सगळ्यात जास्त वेळ त्यांनाच. दुसऱ्या महायुद्धात असे सहा हजारांहून जास्त भारतीय खलाशी मेले. त्यांतले खूपसे जर्मन पाणबुड्यांच्या टॉर्पेडोंनी.

म्हणजे १९४३ मध्ये एक भारतीय माणूस जर्मन पाणबुडीतून देशाच्या स्वातंत्र्यासाठी चालला होता, आणि तशाच पाणबुड्या तेव्हाच कोकणातल्या कुठल्यातरी घरातला कमावता माणूस बुडवत होत्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही. पेरिस्कोपमधून बघणाऱ्याला जहाज दिसतं, त्याचं टनेज दिसतं. बॉयलरपाशी कोण उभं आहे ते दिसत नाही.

रबरी होडी

ठरलेली जागा मादागास्करच्या दक्षिणेकडे, भर समुद्रात. २६ एप्रिलला तिथे जपानची आय-२९ ही पाणबुडी आली. ती मलायातल्या पेनांगहून निघालेली. कप्तान तेराओका. आजूबाजूला शेकडो मैल काही नाही, ना बेट, ना दिवा, आणि अर्थातच जीपीएस नाही. दोन देशांच्या दोन पाणबुड्यांनी ताऱ्या-सूर्यावरून हिशेब करत एकमेकींना शोधायचं. शोधलं.

पण समुद्र खवळलेला. दोन बोटी एकमेकींना टेकवणं शक्यच नव्हतं. तसं केलं तर लाटेने आपटून दोन्ही फुटल्या असत्या. काही काळ दोघी शेजारी शेजारी चालत राहिल्या, वारा पडण्याची वाट बघत. शेवटी एप्रिल संपता संपता दोर टाकला गेला, रबरी होडी सोडली गेली, आणि नेताजी व हसन त्यात बसले. त्या लाटांमध्ये. ते पार झाले तेव्हा नखशिखांत भिजलेले होते. युद्ध चालू असताना दोन वेगळ्या नौदलांच्या पाणबुड्यांमध्ये अशी नागरी प्रवाशांची भर समुद्रातली अदलाबदल दुसऱ्या महायुद्धात ही एकच झाली, असं मानलं जातं.

हसन म्हणत, की जपानी बोटीत गेल्यावर घरी आल्यासारखं वाटलं. कारण पोटाचं होतं. जपानी स्वयंपाक्यांनी पेनांगमध्येच भारतीय मसाले घेऊन ठेवले होते. २९ एप्रिल म्हणजे सम्राट हिरोहितोचा वाढदिवस, तो साजरा झाला. पुढे सुमात्राच्या उत्तरेच्या टोकाजवळच्या सबांग बेटावर ते उतरले आणि तिथून विमानाने टोकियोला गेले. आय-२९ च्या खलाशांबरोबरचा त्यांचा ग्रुप फोटो तुम्ही कुठेतरी नक्की पाहिला असेल. पाणबुडीतले नेताजी म्हणून जो फोटो फिरतो, तो हा. जर्मन बोटीतला नव्हे.

नेताजी इथे आपल्या गोष्टीतून उतरले. आपण यू-१८० वरच थांबायचं.

कारण रबरी होडी रिकामी परतली नव्हती. जपानकडून जर्मनीला जाणारे दोन नौदल अधिकारी यू-१८० वर चढले, एमी आणि तोमोनागा. दोघेही पाणबुड्यांमधले जाणकार. सोबत माल: जपानी टॉर्पेडोचे नमुने, मलेरियावरचं क्विनाइन, आणि सुमारे दोन टन सोनं. हे सोनं बर्लिनमधल्या जपानी वकिलातीसाठी, जर्मनीकडून घेतलेल्या तंत्रज्ञानाचे पैसे चुकते करायला. उलट बाजूने जर्मन शस्त्रांचे नमुने आणि आराखडे जपानकडे गेले. आता गंमत बघा, तेव्हाच्या जर्मन आणि जपानी नौदलाच्या नजरेतून ही फेरी कशी दिसत असेल? यादीत सोनं, टॉर्पेडो, नकाशे, इंजिनिअर आणि दोन भारतीय. आपल्या पुस्तकातली एक ओळ त्यांच्या यादीतलीही एकच ओळ होती.

परतीच्या वाटेवर ३ जूनला अटलांटिकमध्ये बोटीने ‘बोरिस’ हे ग्रीक मालवाहू जहाज बुडवलं. ही तिची दुसरी आणि शेवटची शिकार.

आणि ती परत येत असताना तिच्या मागे जगच बदललं होतं. मे १९४३ ला जर्मन पाणबुडीवाले ‘काळा मे’ म्हणत. त्या एका महिन्यात जर्मनीच्या ४१ पाणबुड्या बुडाल्या. मित्रराष्ट्रांची लांब पल्ल्याची विमानं, विमानातली रडार, जहाजांच्या काफिल्यांचं संरक्षण आणि फोडलेले सांकेतिक संदेश, सगळं एकदम जुळून आलं होतं. जर्मन पाणबुडी दलाचा प्रमुख डोनिट्झ याने महिना संपायच्या आत उत्तर अटलांटिकमधून बोटी मागे घेतल्या. पृष्ठभागावरून चालणारी, धूर सोडणारी आमची ही बोट त्या हवेतून घरी पोचली, हे तिचं नशीबच.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती फ्रान्समध्ये बोर्दोला लागली. त्याच आठवड्यात, ४ जुलैला, सिंगापूरमध्ये नेताजींनी पूर्व आशियातल्या स्वातंत्र्य चळवळीची सूत्रं हाती घेतली. पावणेपाच महिन्यांची फेरी. बोटीने आपलं काम केलं होतं.

बोर्दो

आता या बोटीचं करायचं काय? इंजिनं तर कामाची नाहीत हे सिद्ध झालं होतं. ३० सप्टेंबर १९४३ ला तिला सेवेतून काढलं आणि गोदीत घेतलं. सहाही मर्सिडीज इंजिनं बाहेर. त्या जागी साधी, दणकट डिझेल इंजिनं. टॉर्पेडो नळ्याही काढून टाकल्या आणि तिथे मालाची जागा केली, सुमारे अडीचशे टनांची. म्हणजे तिला रीतसर मालवाहू केलं. पाण्याखालचा ट्रक! शिकारी म्हणून बांधलेल्या बोटीचा खरा उपयोग नेण्या-आणण्यातच आहे, हे नेताजींच्या फेरीने दाखवलं होतं. नौदलाने ते आता कागदावर मान्य केलं. २ एप्रिल १९४४ ला ती पुन्हा दाखल झाली. नवा कप्तान रोल्फ रीझन. मुझेनबर्ग आता तिच्यावर नव्हता.

आणि आता ते ३,००० सैनिक.

नेताजी गेल्यावर फ्री इंडिया लीजनला जर्मनीतून आधी हॉलंडच्या किनाऱ्यावर पाठवलं, आणि मग १९४३ च्या उत्तरार्धात फ्रान्सला, अटलांटिकच्या किनाऱ्यावर पहारा द्यायला. कुठे? लाकानो नावाच्या गावी. नकाशा काढून बघा. लाकानो ते बोर्दो साधारण पन्नास किलोमीटर. ठाणे-पनवेलपेक्षा थोडं जास्त. ज्या बोटीने त्यांचा नेता त्यांना सोडून गेला, ती बोट पन्नास किलोमीटरवर गोदीत उघडी पडली होती, आणि ते वाळूत बंकर खणत होते. भारत स्वतंत्र करायला म्हणून त्यांनी शपथ घेतली होती. वाट्याला आला फ्रेंच समुद्रकिनारा. काहींचा राग इतका होता की हॉलंडला पाठवतानाच तुकड्यांनी जायला नकार दिला होता. आम्ही इथे युरोपात लढायला आलो नाही, हे त्यांचं म्हणणं. चुकीचं काय होतं त्यात?

नेताजींचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. पूर्वेला आझाद हिंद फौज होती, तिथे खरंच काही घडवता येणार होतं आणि घडलंही. पण त्या निर्णयाची किंमत कोणी मोजली हे विचारलं तर उत्तराचा एक भाग लाकानोच्या वाळूत आहे.

६ जून १९४४ ला मित्रराष्ट्रं नॉर्मंडीत उतरली. ऑगस्टमध्ये दक्षिण फ्रान्समध्येही उतरली. बोर्दो कात्रीत सापडलं. ऑगस्टच्या मध्यावर लीजनने लाकानो सोडलं आणि फ्रेंच क्रांतिकारकांच्या गोळ्या झेलत जर्मनीकडे माघार सुरू केली. रस्त्याने, पायी, आगगाडीने, जमेल तसं. आणि त्यांच्या मागोमाग पाचेक दिवसांत, २० ऑगस्टला, यू-१८० आणि तिची जोडीदार यू-१९५ या दोघी बोर्दोहून निघाल्या. दोघींच्या पोटात जपानसाठी माल. दिशा पुन्हा पूर्वेकडची, म्हणजे पुन्हा तोच नेताजींचा रस्ता.

बोर्दो समुद्रावर नाही, नदीवर आहे. जिरोंद नावाच्या रुंद खाडीतून समुद्रात यायला लागतं, आणि ब्रिटिश विमानांनी त्या तोंडाशी वर्षानुवर्षं सुरुंग पेरलेले. यू-१८० आता पाण्याखालीही डिझेल चालवू शकेल अशी ‘श्नॉर्केल’ नळी लावून निघाली होती. पण ती कधी पूर्वेला पोचली नाही. २३ ऑगस्ट १९४४ च्या सुमारास बिस्केच्या उपसागरात ती नाहीशी झाली. काहींच्या मते सुरुंग, काहींच्या मते श्नॉर्केलमधलाच बिघाड. तिच्यावर ५६ माणसं होती. एकही वाचलं नाही. युद्धात जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या दर चार माणसांतली साधारण तीन परत आली नाहीत. हे ५६ त्यांतले. पाच-सहा दिवसांनी बोर्दो स्वतंत्र झालं.

आय-२९ चं काय झालं? ती १९४४ च्या मार्चमध्ये खुद्द फ्रान्सला, लोरियाँ बंदरात येऊन गेली. परत जाताना जर्मन जेट आणि रॉकेट विमानांचे आराखडे घेऊन सिंगापूरपर्यंत सुखरूप पोचली. तिथून जपानला निघाली, तेव्हा तिचे संदेश अमेरिकनांनी फोडलेले होते. २६ जुलै १९४४ ला तैवान आणि फिलिपाइन्सच्या मधल्या सामुद्रधुनीत ‘सॉफिश’ या अमेरिकन पाणबुडीने तिला गाठलं. जवळजवळ सगळे बुडाले. म्हणजे मादागास्करजवळ दोर टाकून एकमेकींना बांधलेल्या त्या दोन बोटी पुढच्या वर्षी एका महिन्याच्या आत गेल्या, दोन वेगळ्या समुद्रांत.

रबरी होडीतून उलट दिशेने आलेला तोमोनागा जर्मनीत काम करत राहिला. १९४५ च्या वसंतात तो दुसऱ्या एका जर्मन पाणबुडीतून, यू-२३४ मधून, जपानला परत निघाला. तिच्यात ५६० किलो युरेनियम ऑक्साइड होतं. वाटेतच जर्मनीने शरणागती पत्करली. कप्तानाने अमेरिकनांच्या हाती जायचं ठरवलं. तोमोनागा आणि त्याचा सहकारी शोजी यांनी झोपेच्या गोळ्या घेऊन जीव दिला. त्यांना समुद्रातच मूठमाती मिळाली, किंवा जे काही त्याला म्हणतात ते.

आणि यू-१९५, यू-१८० ची जोडीदार, तीच खराब इंजिनं घेऊन जन्मलेली? ती तेवढी पोचली. आफ्रिकेला वळसा घालून डिसेंबर १९४४ च्या अखेरीस ती जकार्ताला लागली. जर्मनी हरल्यावर जपानने तिला आपल्या नौदलात घेतलं आणि नवा नंबर दिला, आय-५०६.

बोर्दोमधली ती काँक्रीटची पाणबुडी-गोदी अजून उभी आहे. छत इतकं जाड, की पाडणं परवडलं नाही. २०२० पासून तिथे डिजिटल कलादालन आहे. आतल्या पाण्याच्या टाक्यांवर आणि भिंतींवर मोठमोठी चित्रं प्रोजेक्टरने फिरवतात, आणि लोक फोटो काढतात.